बोर्डामागचा मालक

हौशी : भाऊ, माझं म्हणणं सरळ आहे. घर आपलं, भिंत आपली, वीजबिल आपण भरतो. मग माजघरातला दिवा लावायचा हुकूम आधी परदेशातल्या सर्व्हरकडे जाऊन मग पांढुर्ण्याला परत का यावा? बाजारातली बहुतेक ‘स्मार्ट’ बटणं अशीच चालतात. मोबाईलवर बोट ठेवलं की निरोप कंपनीकडे जातो, तिथून घरातल्या वायफायवर येतो आणि मग रिले टक्कन वाजतो. नेट गेलं की बोट आपटत बसा. आणि कंपनीच गेली तर? रिव्हॉल्व्ह नावाची एक छोटी कंपनी होती. २०१४ मध्ये गूगलच्या नेस्टने ती विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तिचा सर्व्हर बंद केला. ज्यांनी तीनशे डॉलर मोजले होते त्यांच्याकडे प्लास्टिकचा डबा उरला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर असेच एकाएकी गप्प झाले. त्या ग्राहकांपैकी ज्यांनी तीच बटणं होम असिस्टंटसारख्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरला घरातल्या घरात जोडून घेतली, त्यांचं घर पुन्हा चालू झालं. मला एवढंच हवं आहे. माझ्या घराचा मेंदू माझ्या घरात असावा आणि तो कसा विचार करतो हे उघडून पाहता यावं.

शंकेखोर : रिव्हॉल्व्ह आणि इन्स्टिऑन सौंसरच्या बाजारात कधी आलेच नाहीत, तेव्हा ते बुडाल्याचं सुतक इथे कोणाला नाही. इथलं दुखणं वेगळं आहे. पोळ्याला पुण्याहून पोरगा येतो. गोटमारीची जत्रा पाहून परत जायच्या आत घरभर रिले बसवतो, टीव्हीमागे रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक चिकटवतो, आईच्या मोबाईलवर ॲप टाकून देतो आणि गाडी पकडतो. पुढच्या आठवड्यात डीपी उडते. लाइन चार वेळा येते-जाते आणि पायमधलं मेमरी कार्ड बसतं. लाल दिवा जळत असतो, हिरवा लुकलुकत नाही. म्हणजे डब्याला वीज आहे, जीव नाही. दिवाळीपर्यंत तो तसाच राहतो. आई फोन करते, पोरगा म्हणतो, मी इथून लॉगिन करून बघतो. लॉगिन कशात करणार? डबाच बंद आहे. आणखी एक सांगतो. मध्यरात्री लाइन आली की असल्या बल्बांचं सगळं घर भक्कन उजळतं, कारण वीज आली की पेटायचं एवढंच त्यांना ठाऊक. म्हातारी माणसं दचकून उठतात. तू परदेशातल्या सर्व्हरची काळजी करतोस, मी गावातल्या डीपीची करतो.

हौशी : कार्डाचं खरं आहे. होम असिस्टंट घरातल्या प्रत्येक बदलाची नोंद सतत लिहीत असतं, स्वस्त कार्ड त्याने झिजतं आणि लिहिता लिहिता लाइन गेली की फाइल मोडते. म्हणून मी कार्ड वापरूच नका म्हणतो. प्रत्येक घरात एखादा जुना लॅपटॉप पडलेला असतो. त्याची बॅटरी अर्धा तास टिकली तरी पुष्कळ. इन्व्हर्टर वर येईपर्यंतची फट तीच भरते. मध्यरात्रीच्या दिव्यांचं उत्तर तर एका ओळीचं आहे. ईएसपी८२६६ ही चिप असलेल्या बटणात कंपनीचं सॉफ्टवेअर काढून तस्मोटा नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर भरता येतं. त्यात पॉवरऑनस्टेट नावाची सेटिंग आहे. शून्य टाकलं की लाइन आल्यावर रिले बंदच राहतो, तीन टाकलं की जाण्याआधी होता तसा होतो. कंपनीच्या मालात ही सोय तिने दिली तर असते, नाही तर नसते. राहिलं भिंतीवरचं बटण. ते मी काढत नाही. त्याची तार रिलेच्या चिपलाच देतो. मग नेट जावो, वायफाय जावो, लॅपटॉप बंद पडो, आजीने बटण दाबलं की दिवा लागतो. आपल्याकडे बोर्डातच प्लग असल्यामुळे न्यूट्रल तिथे आलेलाच असतो, नवी तार ओढावी लागत नाही.

शंकेखोर : बटण दाबलं की दिवा लागतो, पण चिप जिवंत असेपर्यंत. चिप मेली की तुझं बटणही मेलं. साधं बटण बिघडलं तर कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरं आणून वायरमन पाच मिनिटांत बसवतो. तुझा बोर्ड उघडल्यावर तोच वायरमन हात मागे घेतो आणि म्हणतो, हे तुमच्या पोरालाच विचारा. ओपन सोर्सवाले हमीही देत नाहीत. लायसन्समध्ये छापलेलंच असतं : जसं आहे तसं घ्या, नुकसान झालं तर आम्ही जबाबदार नाही. होम असिस्टंटची नवी आवृत्ती दर महिन्याला येते आणि प्रत्येकीत काही जुनं चालेनासं होईल अशी यादी जोडलेली असते. अपडेट करू नका म्हणशील, तर मार्च २०२३ आठव. पासवर्ड न देता आत शिरता येईल असं भोक त्यांना सापडलं, आणि ते २०१७ पासून तिथेच होतं. सहा वर्षं सगळ्या जगाला कोड उघडा होता, आणि उघड्या दारातून कोणी डोकावलंच नाही.

हौशी : डोकावलं म्हणून तर सापडलं. आणि सापडल्यावर त्यांनी ते जाहीर केलं, दुरुस्ती दिली, कधीपासून होतं तेही लपवलं नाही. २०२२ मध्ये युफीच्या कॅमेऱ्यांचं काय झालं? चित्रं घरातच राहतात अशी जाहिरात होती, आणि फोटो कंपनीच्या क्लाउडवर जात असल्याचं बाहेरच्या एका अभ्यासकाने दाखवून दिलं. हमीचं म्हणाल, तर कंपनीचा करारही शेवटपर्यंत वाचा. तिथेही जास्तीत जास्त वस्तूची किंमत परत, त्यापुढे काही नाही. फरक दुरुस्तीत आहे. तुमच्या हाताखालून शेतातले किती स्टार्टर गेले असतील! डीओएल असो की स्टार-डेल्टा, कंपनीचा इंजिनिअर कधी मोहगावला आला होता का? त्याची गरजच पडली नाही, कारण झाकण उघडलं की आतल्या बाजूला तारांचा नकाशा चिकटवलेला असतो. कोणती तार कॉइलला, कोणती ओव्हरलोडला, कुठे स्टार्टचं बटण, कुठे स्टॉपचं. त्या नकाशामुळे या तालुक्यात मोटर दुरुस्तीचा धंदा उभा राहिला. ओपन सोर्स म्हणजे झाकणातला तोच नकाशा. बंद माल म्हणजे नकाशा फाडून, वर लाख ओतून दिलेला स्टार्टर.

शंकेखोर : दाखला चांगला काढलास, पण अर्धाच काढलास. तो नकाशा मी वाचायला शिकलो तो उस्तादाच्या हाताखाली, चार वर्षं पाने-पक्कड पुसून. नकाशा छापणाऱ्यालाही माहीत होतं की वाचणारा जेमतेम आठवी शिकलेला असेल, म्हणून तो चित्रात होता. तुझा नकाशा इंग्रजीत आहे, लाखो ओळींचा आहे आणि दर महिन्याला बदलतो. शिवाय स्टार्टरची कॉइल पन्नास वर्षं कॉइलच राहिली. तुझी चिप बघ. चीनमधली तुया कंपनी शेकडो नावांनी विकल्या जाणाऱ्या मालाचा मेंदू पुरवते. आधी तिच्या मालात ईएसपी असायची, पोरं त्यात तस्मोटा भरायची. मग आत दुसऱ्याच बनावटीच्या चिपा येऊ लागल्या. डबा तोच, रंग तोच, आतला जीव वेगळा, आणि तस्मोटा त्यावर चालत नाही. दुकानदाराला बाहेरून फरक कळत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा-सौंसर मिळून जिल्हा झाला, पाट्या बदलल्या. पण हवी ती चिप बघून घ्यायची तर आजही नागपूर.

हौशी : त्या दुसऱ्या चिपांसाठीही लोकांनी सॉफ्टवेअर लिहिलंच, ओपनबेकन नावाचं. दार बंद झालं तर कोणीतरी खिडकी उघडतं, हाच या जगाचा स्वभाव आहे. आणि हा स्वभाव नीट पाहायचा तर दिवे सोडा, टीव्ही घ्या. आज कोडी म्हणतात त्या सॉफ्टवेअरचा जन्म २००२-०३ च्या सुमाराला मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर झाला. खेळायचं यंत्र, तेही कुलूपबंद. पोरांनी कुलूप काढून त्यावर सिनेमे लावले. नाव पडलं एक्सबॉक्स मीडिया सेंटर. २०१४ मध्ये ते कोडी झालं, तोवर एक्सबॉक्सशी त्याचा संबंधही उरला नव्हता. त्याच्याच कोडमधून २००८ मध्ये प्लेक्स निघालं. त्याचा कोड हळूहळू झाकला गेला, आणि एप्रिल २०२५ पासून ते स्वतःच्या घरातला स्वतःचा सिनेमा बाहेरगावी बसून पाहायलाही पैसे मागू लागलं. एम्बी नावाच्या तसल्याच सॉफ्टवेअरने २०१८ मध्ये कोड झाकला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काही जणांनी शेवटचा उघडा कोड उचलला आणि जेलीफिन उभं केलं. ते आजही फुकट आणि उघडं आहे. कंपनीला मालकी मिळते, पण जे एकदा उघडं दिलं ते तिला परत घेता येत नाही.

आता आपल्या घरात काय होतं ते सांगतो. डीडी फ्री डिशची छत्री अर्ध्या गावाच्या गच्चीवर आहे, जीसॅट-१५ कडे तोंड करून, ९३.५ अंश पूर्वेला. महिन्याचा खर्च शून्य. सह्याद्री वाहिनी त्यावर लागते, आणि मध्य प्रदेशात राहून मराठी बातम्या ऐकणाऱ्या घरांना तिचं मोल आहे. जुन्या लॅपटॉपला सॅटेलाइटचा ट्यूनर लावा, टीव्हीहेडएंड नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाका; लाइन गेली म्हणून बुडालेला कार्यक्रम रेकॉर्ड होऊन राहतो, कारण लॅपटॉप बॅटरीवर असतो आणि छत्रीलाही वीज ट्यूनरकडूनच मिळते. बाबांच्या लग्नाची व्हीएचएस, गावातल्या दंडारीचं कोणीतरी केलेलं शूटिंग, जामसावळीच्या यात्रेचे फोटो, सगळं जेलीफिनमध्ये. पुण्यातली बहीण तिथून पाहते. असला खजिना कुठली कंपनी सांभाळणार?

शंकेखोर : टीव्हीच्या बाबतीत मी फारसा भांडणार नाही. सिनेमा लागला नाही तर माणूस झोपतो, कोणाचं काही जात नाही. पण दोन गोष्टी बोलतोच. एक, बाजारात ‘कोडीवाला डबा’ म्हणून जो विकला जातो तो बहुतेक वेळा चोरीच्या सिनेमांचा डबा असतो. कोडी बनवणारे कानीकपाळी ओरडतात की आमचा त्याच्याशी संबंध नाही, पण गिऱ्हाईक नाव कोडीचंच घेतं. उघड्या दारातून चोरही येतो. दोन, तुझ्या जेलीफिनला आपण दिसत नाही. तुझ्या दंडारीचं शूटिंग त्याला दिलं तर पडद्यावर कुठल्या परदेशी सिनेमाचं पोस्टर लावतं.

हौशी : कारण ते फाइलच्या नावावरून बाहेरच्या यादीत शोधतं. यादीत नसेल तर शेजारी एक छोटी एनएफओ फाइल ठेवायची, नाव, वर्ष, कलाकार आपणच लिहायचे. मग ते बाहेर विचारत नाही. मराठी सिनेमा त्या यादीत नसेल तर आपण भरायचा, यादी लोकांचीच आहे. पूर्वी कोडीत देवनागरी नीट जुळतच नव्हती. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे, जोडाक्षराचे पाय मोडलेले. मग हार्फबझ नावाचं अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर त्यात घातलं गेलं. अँड्रॉइड मोबाईलवर मराठी नीट दिसते तीही त्याच्याच जोरावर. मराठीसाठी वेगळं कोणी काही केलं नाही. सगळ्या जगाच्या लिपींसाठी केलं त्यात आपलंही झालं. बोलण्याचं तसंच. २०२२ मध्ये बोलणं ओळखणारं व्हिस्पर आलं, त्याला मराठी येते, आणि ते घरातल्या यंत्रावर चालतं, आवाज बाहेर जात नाही. आपली वऱ्हाडी त्याला अडते, कबूल. पण मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या लोकांचे आवाज जमवणाऱ्या प्रकल्पात मराठी आहे, तिथे आपल्या तोंडची मराठी आपण वाचून देऊ शकतो. कंपनीच्या डब्याला आपली बोली शिकवायची सोय तरी कुठे आहे?

(इथे मी, लेखक, मध्ये तोंड घालतो. एवढं बोलूनही दोघांनी पैशाचा विषय जवळजवळ काढला नाही, हे मला बरं वाटलं. ‘फुकट आहे’ हा ओपन सोर्सच्या बाजूचा सगळ्यात कच्चा मुद्दा आहे. ट्यूनर, रिले आणि तीन रविवार धरले तर ते फुकट नसतंच. आता शंकेखोराने विषय घराबाहेर नेला, आणि माझ्या मते बोलणं तिथून खरं तापलं.)

शंकेखोर : दिवा आणि टीव्ही झाले. आता तुझा डोळा बागेवर आहे, हे मला दिसतं. तू परवा मातीतला ओलावा मोजणारा काटा मागवलास. संत्र्याचं गणित तुला सांगायला नको. आंबिया बहार धरायचा तर हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. पान कोमेजू लागतं, पिवळं पडतं, म्हातारा रोज सकाळी बागेत फिरून पानाला हात लावून बघतो आणि एक दिवस म्हणतो, सोड आता पाणी. त्या ताणात एकदा चुकून पाणी गेलं की झाड फुलाऐवजी पालवी धरतं. वर्षाचा बहार हातचा जातो. आता तुझा काटा मध्येच म्हणाला, माती कोरडी आहे, आणि तुझ्या लॅपटॉपने ऐकलं? कोडीतली चूक पडद्यावर दिसते, ही चूक दोन महिन्यांनी फांदीवर दिसेल. शिवाय तुझा दहा अँपिअर लिहिलेला रिले. मोटर सुरू होताना चालण्याच्या पाच-सहा पट करंट ओढते. रिलेचे पॉइंट चिकटले तर मोटर बंदच होणार नाही. विहीर कोरडी पडेल आणि मोटर जळेल.

हौशी : मोटर कोणी रिलेवर थेट घेत नाही, भाऊ. रिले फक्त स्टार्टरच्या बटणांचं काम करतो : एक स्टार्टच्या बटणाला समांतर, एक स्टॉपच्या रांगेत. करंट कॉन्टॅक्टर झेलतो, ओव्हरलोड आणि सिंगल फेजिंगचा बंदोबस्त जिथे आहे तिथेच राहतो. माझं सॉफ्टवेअर मेलं तरी हाताने मोटर चालते. आणि ही कल्पना काही माझी नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवालांचं ‘नॅनो गणेश’ साध्या मोबाईलवरून मोटर चालू-बंद करतं, आणि २००९ मध्ये त्याला नोकियाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीस मिळालं. रात्रीच्या लाइनसाठी साप-विंचवाच्या अंधारात बांधावर जाणं वाचलं, ही लहान गोष्ट आहे का? ताणाच्या दिवसांत मी एक कुलूप घालीन : काटा फक्त सांगेल, मोटर चालवणार नाही. असला नियम लिहायची मुभा मला आहे म्हणून तर मी उघड्या सॉफ्टवेअरच्या मागे आहे. कंपनीच्या ॲपला आंबिया आणि मृग यांतला फरक कोण समजावणार?

शंकेखोर : नॅनो गणेशचं नाव तूच घेतलंस ते बरं झालं. ते ओपन सोर्स नाही. तरी शेतकऱ्याने घेतलं, कारण त्याच्या मागे एक माणूस आणि एक दुकान उभं आहे. बिघडलं तर कोणाचा दरवाजा वाजवायचा हे कळतं. पण ते राहू दे, तुझं कुलूप मला पटलं. मला खरा खटकतो तो दुसराच मुद्दा. तू मघाशी सहज बोलून गेलास की होम असिस्टंट घरातल्या प्रत्येक बदलाची नोंद लिहितं. किती दिवस ठेवतं?

हौशी : सेटिंग बदलली नाही तर दहा दिवस.

शंकेखोर : दहा दिवस. पुढच्या दाराला तू सेन्सर लावलास, वऱ्हांड्यातल्या दिव्याला हालचालीचा डोळा लावलास. म्हणजे घरातली सून दुपारी किती वाजता बाहेर गेली, किती वाजता आली, रात्री स्वयंपाकघरातला दिवा कधी लागला, कोणाच्या खोलीत उशिरापर्यंत पंखा चालला, हे सगळं दहा दिवस लॅपटॉपमध्ये आहे. तू म्हणतोस, घरातली गोष्ट घराबाहेर जात नाही. अरे, आपल्याकडे बाईला घराबाहेरच्या कंपनीचा धाक कधी होता? धाक घरातल्या घरातच होता. चिनी सर्व्हरला ती कोण, कुठली, काही देणंघेणं नाही. सासऱ्याला आहे. आजवर सासऱ्याला शेजाऱ्याला विचारावं लागत होतं, आता तू त्याला पडद्यावर आलेख काढून देतोस. कोड सगळ्या जगाला उघडा आणि नोंद घरातल्या एका पुरुषाच्या हातात, हे कसलं स्वातंत्र्य?

हौशी : कंपनीच्या ॲपमध्येही घरमालकाला हीच नोंद दिसते, वर कंपनीलाही दिसते. मग माझ्याकडे वाईट काय झालं? एक डोळा कमीच झाला ना? आणि मी नोंद बंद करू शकतो. कोणत्या सेन्सरची लिहायची, कोणाची नाही, हे एकेक करून ठरवता येतं. दाराची नोंद आजच काढतो.

शंकेखोर : तू काढशील. ‘मी काढतो, मी ठेवतो’, यातला मीच मला खुपतो. कंपनीच्या डब्यात सासऱ्याला काय दिसेल ते कंपनीने ठरवलेलं असतं, कमी-जास्त सगळ्यांना सारखं. तुझ्या डब्यात ते तू ठरवतोस. तू चांगला आहेस म्हणून घर चांगलं. उद्या तुझ्या जागी दुसरा कोणी बसला तर?

हौशी : हे कोडने सुटणारं नाही, मान्य. पण आपण आतापर्यंत दोनच बाजू मांडत होतो, कंपनी की आपण. तुम्ही म्हणता, त्या ‘आपण’मध्ये कोण कोण आहे ते आधी सांग. ठीक. मग तुमच्या दोन्ही तक्रारींना मी एकच उपाय सुचवतो. बोर्डाच्या झाकणात आतून कागद चिकटवायचा, मराठीत, स्टार्टरच्या नकाशासारखा : कोणती तार कुठे, चिप मेली तर कोणत्या दोन तारा जोडल्या की जुनं बटण चालू होतं, कुठे काय नोंदलं जातं आणि ते कसं थांबवायचं. वायरमन आला तर त्यालाही कळेल, घरातल्या कोणालाही कळेल.

शंकेखोर : वायरमनपुरता पटला. चिपला वळसा घालायच्या दोन तारा त्याला दिसल्या तर तो हात मागे घेणार नाही, माझा निम्मा राग तिथेच गेला. पण नोंद थांबवायला पासवर्ड लागतो. तो कागदावर लिहिणार? लिहिलास तर जो झाकण उघडेल तो घराचा मालक. नाही लिहिलास तर मालक तूच.

हौशी : दोन ॲडमिन खाती ठेवीन.

शंकेखोर : दुसरं कोणाच्या नावाने?

हौशी : आईच्या.

शंकेखोर : आई ते ॲप उघडणार नाही, हे तुला ठाऊक आहे. उघडेल ती तुझी वहिनी. बारावीला गणित होतं तिला. तिच्या नावाने करशील? तिला वाटेल ती नोंद ती बंद करील, आणि तू रात्री किती वाजता घरी येतोस तेही पाहील.

हौशी : माझं काय, पाहू दे. पण तिला ॲडमिन करायचं म्हणजे... ते बाबांना विचारावं लागेल.

शंकेखोर : विचार. आणि बागेतल्या स्टार्टरला पाणी सोडेपर्यंत हात लावू नकोस.